डोकं उठायच्या आदल्या दिवशी

“मॅडम, मला थोडं कमी ऐकू येतं असं लिहाल का?”

मनीषाने हे विचारलं तेव्हा तिचा ऑडिओग्राम माझ्या हातात होता. ऑडिओग्राम म्हणजे कान किती बारीक आवाज पकडू शकतो त्याचा आलेख. तिचा इतका स्वच्छ होता की शिकणाऱ्या मुलांना नमुना म्हणून दाखवावा. साउंडप्रूफ खोलीत बसून तिने अगदी पुसट बीपलासुद्धा हात वर केला होता.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. नगरमधल्या एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात लोकांचे कान तपासते. बहुतेकांना रिपोर्ट नॉर्मल यायला हवा असतो. काहींना नको असतो, कारण त्यांना सर्टिफिकेट काढायचं असतं. पण ते लोक ऐकू आलं तरी हात वर करत नाहीत. आम्हाला ते पाच मिनिटांत कळतं. मनीषाने तर एकही बीप सोडला नव्हता.

“कमी ऐकू येतं असं हवं होतं, तर आत हात का वर केला?” मी विचारलं.

“तवा सुचलं न्हाई,” ती म्हणाली.

मला हसू आलं. तिला आलं नाही.

मनीषा पारनेर तालुक्यातली. आयटीआय केलेली. नागापूर एमआयडीसीतल्या एका गिअरबॉक्सच्या कंपनीत ती नॉइज टेस्टिंगला होती. तयार झालेला प्रत्येक गिअरबॉक्स मोटरवर फिरवायचा, मेकॅनिकचा स्टेथोस्कोप लावून त्याचा आवाज ऐकायचा आणि ठरवायचं. आवाज ठीक असेल तर पुढे पाठवायचा. घरघर किंवा शिट्टी जास्त असेल तर लाल टॅग लावून रिजेक्ट. लॅबमध्ये यासाठी मशीन आहे, पण ते एक पीस तपासतं तेवढ्यात माणूस चार काढतो. म्हणून लाइनवर कानच वापरतात.

तिचा प्रोबेशनचा शेवटचा महिना चालू होता. त्यानंतर कायम करायचं की घरी पाठवायचं हे ठरणार होतं. तक्रार अशी होती की एरवी तिचं काम उत्तम, पण मधूनच एखाद्या दिवशी ती चांगल्या मालाला धडाधड लाल टॅग लावते. आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी घेते. कंपनीने तिला कान तपासायला आमच्याकडे पाठवलं होतं.

“कानात दोष निघाला तर दुसऱ्या लाइनला टाकतील,” ती म्हणाली. “नॉर्मल आला तर म्हणतील, मुद्दाम करती. मग काढतीलच की.”

म्हणजे माझ्या नॉर्मल रिपोर्टने तिची नोकरी जाणार होती. असा पेशंट मला पहिल्यांदाच भेटला.

खोटं लिहिणार नाही, हे मी तिला सांगितलं. मला असं तोंडावर बोलायला अवघड जातं, त्यामुळे ते जरा जास्तच कोरडं झालं असावं. ती उठायला लागली. मी तिला बसवलं आणि विचारलं, “ज्या दिवशी जास्त रिजेक्ट होतात, त्या दिवशी काय वेगळं असतं?”

“त्या दिवशी माल खरंच वाईट असतो. सगळ्याच पीसचा आवाज येतो.”

“आणि घरी? त्या दिवशी घरी कसं असतं?”

“घरी वहिनी भांडी लई आपटती.”

“रोज आपटते?”

“न्हाई. त्या दिवशीच.”

आपण काय बोललो ते तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी तिचं डोकं उठतं. एकाच बाजूने. उलट्या होतात, उजेड नको वाटतो, दिवसभर खोलीत ओढणी बांधून पडून राहते. तिच्या आईलाही व्हायचं. आई त्याला अर्धशिशी म्हणते आणि सुंठ उगाळून लावते. कंपनीत मात्र तिने कधीच सांगितलं नव्हतं. सुट्टीचं कारण दर वेळी वेगळं. आधी एक मुलगी होती, तिचं डोकं दुखायचं, तिला प्रोबेशनमध्येच काढलं होतं.

निदान करणं माझं काम नाही. मी तिला आमच्या डॉक्टरांकडे आत पाठवलं. त्यांनी नीट चौकशी केली, तपासलं आणि मायग्रेन असल्याचं सांगितलं. औषध लिहून दिलं. मायग्रेन म्हणजे आपली अर्धशिशीच. पण ती नुसती डोकेदुखी नव्हे. बऱ्याच जणांना अटॅक येण्याच्या आधीपासूनच आवाज सहन होईनासे होतात. काहींना दोन अटॅकच्या मधल्या दिवसांतही थोडं तसंच असतं. सगळ्यांना होतं असं नाही. मनीषाला होत असावं. पण “असावं” हे कंपनीला चालणार नव्हतं.

मी तिची आणखी एक तपासणी केली. हिच्यात आवाज हळूहळू वाढवत जायचा आणि जिथे तो नकोसा होईल तिथे पेशंटने थांबवायचं. मनीषाने थांबवलं ते खूप वर गेल्यावर. बहुतेक लोक थांबवतात तिथेच.

“हे आज,” मी म्हटलं. “वाईट दिवशी येऊ शकाल? त्रास होईल. नाही आलात तरी चालेल.”

“येते,” ती म्हणाली.

तेवढ्यात कंपनीतून क्वालिटीचे मॅनेजर म्हस्के सरांचा फोन आला. “मॅडम, कान नॉर्मल आहे ना?”

“हो, पण सर, अजून एक टेस्ट करायची आहे.”

“नॉर्मल आहे तर अजून टेस्ट कशाला?”

मी म्हटलं, “आजचा कान नॉर्मल आहे. त्या दिवशीचा तपासलेला नाही.”

“कान काय रोज बदलतो काय?” ते म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत. “बरं, करा. महिनाअखेरीला माझी एचआरबरोबर मीटिंग आहे, त्याच्या आत सांगा.”

पुढच्याच आठवड्यात एका दुपारी मनीषा शिफ्ट संपवून थेट आली. डोकं दुखत नव्हतं. मान आखडली होती आणि जांभया येत होत्या. तिला विचारलं तेव्हा म्हणाली, असं झालं की उद्या डोकं उठतं. ती नकळत वेटिंग रूममधल्या टीव्हीपासून सगळ्यात लांबच्या खुर्चीवर बसली होती.

आधी बीपची तपासणी केली. आलेख पहिल्यासारखाच. तिचा कान काही जास्त तीक्ष्ण झाला नव्हता. मग नकोशा आवाजाची. जिथे दोन माणसं जरा मोठ्याने बोलतात त्या पट्टीलाच तिने दोन्ही हात वर केले आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवला. मी लगेच थांबवलं. पुन्हा करून खात्री करायची पद्धत आहे. मी नाही केली. तिला पाणी दिलं आणि खोलीचा दिवा मंद केला.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. मी कंपनीत गेले.

म्हस्के सर फोनवर वाटले त्यापेक्षा समोर शांत निघाले. दोन्ही आलेख त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. इंजिनिअर माणूस, आलेख चटकन समजला. पण शंकाही चटकन आली.

“म्हणजे तिला त्या दिवशी जास्त ऐकू येतं. मग टेस्टिंगला तर चांगलंच की.”

“जास्त ऐकू येत नाही. जे येतं ते मोठं वाटतं,” मी म्हटलं. “रेडिओचं बटण कोणीतरी फिरवून ठेवल्यासारखं. स्टेशनं तेवढीच लागतात, सगळी मोठ्याने.”

“हं.”

“आणि सर, तुमच्या डोक्यावर पंखा आहे.”

त्यांनी वर पाहिलं.

“मी म्हणेपर्यंत तुम्हाला त्याचा आवाज येत नव्हता. कानात जात होता. तोच तोच आवाज असेल तर मेंदू थोड्या वेळाने त्याच्याकडे लक्ष देणं सोडतो. मायग्रेन असलेल्या बऱ्याच जणांचा मेंदू ते सोडत नाही. पंखा सकाळी लावला, तर संध्याकाळीही तो आत्ताच लावल्यासारखा वाटतो.”

म्हस्के सर आलेख माझ्याकडे सरकवत म्हणाले, “मला तिचं वाईट वाटतं, मॅडम. खरंच. पण मी चांगला माल स्क्रॅपला पाठवू शकत नाही. महिन्यातले काही दिवस जिचा कान चुकतो तिला त्या बूथमध्ये कायम कसं करू?”

मी म्हटलं, मला बूथ दाखवाल का?

बूथ म्हणजे फोम लावलेली खोली. मध्ये दोन टेस्ट बेंच. एक मनीषाचा, तो रिकामा. दुसऱ्यावर नाना. नाना तिथले सगळ्यात जुने टेस्टर. कानात स्टेथोस्कोप, तोंडात सुपारी. माझ्याकडे न बघता ते पीसमागून पीस पुढे सरकवत होते. मी कोण ते म्हस्के सरांनी सांगितलं.

“कानाची डॉक्टर व्हय,” नाना म्हणाले. “आमचा कान बघायला आलीस का, ताई?”

“मी डॉक्टर नाही, ऑडिओलॉजिस्ट.”

“मंग तर बघूच नको.”

खोलीच्या कोपऱ्यात फडताळावर एक गिअरबॉक्स होता. हिरवा रंग दिलेला, वर धूळ. मी विचारलं, हा वेगळा का?

“मास्टर पीस,” म्हस्के सर म्हणाले. “आवाज किती चालतो त्याची हद्द. याच्यापर्यंत आवाज असेल तर ओके, याच्या वर रिजेक्ट. त्याच्याशी ताडून बघायचं.”

“किती वेळा ताडतात?”

सरांनी नानांकडे पाहिलं. नानांनी स्टेथोस्कोप एका कानातून काढला. “ते नव्या पोरांसाठी हाय. सुरवातीला आठवडाभर ऐकायचा. एकदा कान बसला की मास्टर लागत न्हाई.”

“कधीच?”

“ज्याला लागतो त्याचा कान बसला न्हाई.”

बाजूला पॅकिंग करणाऱ्या दोघी हसल्या. त्यांच्यातली एक म्हणाली, “मनीषानं मागं एकदा घेतला हुता मास्टर. नाना म्हनले, जा परत आयटीआयला.”

“चेष्टा केली,” नाना म्हणाले.

मी मास्टरवरच्या धुळीकडे बघत होते. या खोलीत सगळे आठवणीतल्या आवाजाशी आजचा आवाज ताडत होते. नानांचं चालत होतं, कारण त्यांचा आजचा कान आणि कालचा कान सारखाच. मनीषाच्या आठवणीतला मास्टर चांगल्या दिवशीचा होता. वाईट दिवशी प्रत्येक पीस त्यापेक्षा मोठाच वाटणार. पण तिने त्याच दिवशी मास्टरही ऐकला, तर तोही तेवढाच मोठा वाटेल. मग फरक तेवढाच राहील. निदान राहायला हवा.

हे मी म्हस्के सरांना बाहेर पॅसेजमध्ये सांगितलं. नानांसमोर बोलायचा धीर झाला नाही.

“करून बघू,” ते म्हणाले. “पण मी माझ्या पद्धतीने बघणार.”

त्यांची पद्धत कडक होती. लॅबच्या मशीनवर तपासलेले काही चांगले, काही वाईट पीस त्यांनी एका ट्रॉलीत लावले. त्यात मास्टरही ठेवला, हिरवा रंग टेपने झाकून, आणि तो ओळखू येऊ नये म्हणून बाकीच्यांनाही तसाच टेप लावून. मनीषाला एवढंच सांगितलं की ही ट्रॉली तपासायची आहे. चांगल्या दिवशी तिने सगळे पीस बरोबर निवडले. आता वाट बघायची होती ती वाईट दिवसाची. मला हे आवडत नव्हतं. एखाद्याच्या दुखण्याची वाट बघणं बरं वाटत नाही. मी मनीषाला फोन करून म्हटलं, नको असेल तर सांगा, मी सरांशी बोलते. ती म्हणाली, “मॅडम, डोकं तर तसंबी उठनारच हाय. उपयोगाला आलं तर येऊ द्या.”

औषध सुरू होतं, तरी तो दिवस आलाच. सकाळी तिने फोन केला. मी पोचले तेव्हा बूथमध्ये म्हस्के सर होते, एचआरचे एक जण होते आणि नाना. मनीषाचा चेहरा ओढलेला होता. ती मोटर चालू करायची, ऐकायची, डोळे मिटायची, लाल टॅग लावायची. पुन्हा तेच. ट्रॉलीतल्या जवळजवळ सगळ्यांना लाल टॅग लागले. लपवलेल्या मास्टरलाही.

म्हस्के सरांनी त्याच्यावरचा टेप काढला. खाली हिरवा रंग.

“मनीषे,” नाना हळूच म्हणाले, “मास्टरच रिजेक्ट केलास की गं.”

एचआरचे साहेब म्हणाले, “सर, मला वाटतं विषय संपला.” मनीषा त्या हिरव्या रंगाकडे बघत होती. ती रडली नाही. तिने स्टेथोस्कोप गळ्यातून काढून बेंचवर ठेवला, व्यवस्थित, वायर गुंडाळल्यासारखी त्याची नळी गुंडाळून. जाणारी माणसं सामान ठेवतात तसा.

मला बोलावं लागलं. माझा आवाज त्या खोलीत फारच बारीक निघाला. “सर, अर्धंच झालंय. आता हेच पीस परत. पण आधी तिला मास्टर द्या. हा मास्टर आहे असं सांगून. आणि प्रत्येक पीसच्या आधी परत मास्टर.”

“एवढं ऐकून तिला त्रास नाही का होणार?” म्हस्के सर म्हणाले. हे त्यांनी विचारलं याचं मला बरं वाटलं.

मी मनीषाकडे पाहिलं. तिने नानांकडे पाहिलं.

“घे की,” नाना म्हणाले. “कोन हसतंय का?”

सरांनी टॅग काढून पीस मागेपुढे केले. मनीषाने मास्टर लावला. बराच वेळ ऐकला. मग पहिला पीस. परत मास्टर. मग दुसरा. पॅकिंगच्या दोघी हातातलं काम टाकून दारात आल्या होत्या. तिचा वेग नेहमीच्या निम्मासुद्धा नव्हता. मध्ये एकदा ती थांबली, कपाळ दाबून उभी राहिली. मी म्हटलं, राहू द्या. तिने मान हलवली आणि पुढचा पीस घेतला.

शेवटी लॅबने जे खराब ठरवले होते, त्या सगळ्यांना लाल टॅग होता. आणि एका चांगल्या पीसलाही.

एचआरच्या साहेबांनी तो पीस उचलून दाखवला. “हा चुकला.”

“एखादा माझा बी चुकतो,” नाना म्हणाले. “रोज चुकतो. तुमी कवा बघाया येत न्हाई, म्हनून.”

साहेबांनी पीस खाली ठेवला. मनीषा बेसिनकडे धावली. पॅकिंगच्या दोघी तिच्या मागे गेल्या. थोड्या वेळाने ती दोघींच्या आधाराने बाहेर आली आणि कंपनीच्या गाडीने घरी गेली. निकाल काय लागला हे विचारायलासुद्धा ती थांबली नाही.

निकाल तिथे लागलाही नव्हता. एचआरचं म्हणणं, एका बाईसाठी नियम कसा बदलायचा. म्हस्के सरांनी तो प्रश्न त्यांच्या पद्धतीने सोडवला. त्यांनी नियम सगळ्यांसाठीच केला. प्रत्येक टेस्टरने ट्रॉली सुरू करताना आणि मध्ये ठरावीक पीसनंतर मास्टर ऐकायचाच. नाना दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत, असं मला मनीषाने सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मास्टर ऐकला आणि म्हणाले, “हा आधीपेक्षा बिघडलाय.” लॅबमध्ये तपासला. बिघडला नव्हता.

मी माझा रिपोर्ट दिला. ऐकण्याची क्षमता नॉर्मल, असंच लिहिलं, कारण ते खरं होतं. खाली दोन ओळी वाढवल्या. मायग्रेनच्या आसपासच्या दिवसांत मोठे आवाज सहन होण्याची मर्यादा बरीच खाली येते. अशा दिवशी शक्य असेल तर आवाजापासून दूरचं काम द्यावं. मायग्रेनचं निदान डॉक्टरांच्या सहीने वेगळं जोडलं.

मनीषा कायम झाली. मान आखडली की ती म्हस्के सरांना सांगते आणि त्या दिवशी पॅकिंगला बसते. पॅकिंगमधली एक तिच्या जागी बूथमध्ये जाते. ती आता टेस्टिंग शिकली आहे आणि नाना तिला शिकवताना मनीषाची उदाहरणं देतात. औषधाने मनीषाचे अटॅक कमी झालेत. गेले नाहीत. घरी वहिनी तिच्याआधी ओळखते आणि म्हणते, “आज तुला भांडी ऐकू यायला लागलीत वाटतं.”

त्यानंतर कंपनीत वर्षाची हिअरिंग तपासणी करायला गेले, तेव्हा दोन मुली आणि एक वेल्डर, तिघांनी वेगवेगळं गाठून मला हळूच सांगितलं की त्यांचंही डोकं असंच उठतं. आधी कोणालाच सांगितलं नव्हतं. डोकं सगळ्यांचंच दुखतं, त्यात सांगायचं काय, असं त्यांना वाटत होतं. वेल्डर म्हणाला, त्याच्या घरच्यांना वाटतं की तो चिडका आहे.

नॉर्मल रिपोर्टचा अर्थ एवढाच, की मी मोजलं त्या दिवशी, मी मोजलं तेवढ्यात, काही सापडलं नाही. हे मला कॉलेजात शिकवलं होतं आणि मी परीक्षेत लिहिलंही होतं. आता पेशंट खुर्चीत बसला की मशीन सुरू करायच्या आधी मी एक प्रश्न विचारते. आज तुमचा दिवस कसा आहे? बहुतेक जण म्हणतात, चांगला आहे. मग मी विचारते, वाईट दिवशी येऊ शकाल का?